उरणच्या किनाऱ्यावर ५९५ रुपयांचा बर्गर: हा खायचा कसा?

सीवूड्सची_मीनल (रविवार, सकाळी १०:१५)

नमस्कार मंडळी,

काल आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी उरण बाजूला जेवायला गेलो होतो. समुद्रासमोर नवीन रेस्टॉरंट निघालंय, रील्सवर दिसतं तसलं. नाव सांगणार नाही, कारण धागा तक्रारीसाठी काढलेला नाही. (थोडी तक्रार आहे, ती पुढे येईलच.) प्रश्न बर्गरचा आहे.

मेन्यूत सगळ्यात वर चौकटीत एक बर्गर, किंमत ५९५ रुपये. खाली चार ओळी वर्णन: ब्रिओश बन, कॅरमलाइज्ड कांदा, स्मोक्ड चीज, घरी केलेलं मेयो, मुरवलेली काकडी, चिकनची 'हॅन्ड प्रेस्ड' पॅटी. आमच्यातली बँकवाली 'ब्रायोची' म्हणाली, वेटर 'ब्रिऑश' म्हणाला, ठाण्याहून आलेली म्हणाली, "पावच ना? आणा."

आला. लाकडी पाटावर. वीतभर उंच, मधोमध बांबूची काडी आरपार, काडीच्या टोकावर एक ऑलिव्ह. बाजूला पत्र्याची इटुकली बादली, भातुकलीत असते तेवढी, आणि तिच्यात फ्राइज. मी मोजल्या. अकरा.

मग पाच जणी एकमेकींकडे बघत बसलो. काडी काढली की तो कलंडतो, नाही काढली तर खाणार कसा? मी दोन्ही हातांनी दाबून घास घ्यायला गेले, तर पॅटी मागच्या बाजूने सटकून पाटावर आणि कांदा माझ्या मांडीवर. बँकवालीने सुरी-काटा मागवला, पण पहिल्या कापातच बन चपटा झाला आणि चीज सगळं सुरीला. डाएटवालीने वरचा पाव काढून ठेवला आणि बाकीचं काट्याने टोचून खाल्लं. तेवढ्यात वारा आला आणि तिचं लेट्यूसचं पान उडून शेजारच्या टेबलावरच्या काकांच्या ग्लासात. काका फार सभ्य. पान दोन बोटांत धरून म्हणाले, "तुमचंच का हे?"

बरं, ज्यासाठी एवढं लांब गेलो तो समुद्र? सव्वासहाला पोचलो तर समुद्र नव्हताच. होता, पण पार लांब. मध्ये नुसता चिखल, खडक आणि दोन कुत्री.

तर असा बर्गर तुम्ही कसा खाता? हाताने, सुरीने, की सरळ मागवतच नाही? आणि समुद्रकिनारी जाऊन बर्गर मागवणं हाच मुळात वेडेपणा आहे का?


ठाण्याचा_बंड्या

नवी मुंबईकरांना बीच कधी मिळाला? तुमच्याकडे पाम बीच रोड आहे, त्यात पाम आहेत, रोड आहे. आणि वाशीत 'मिनी सी शोर' आहे, तो इतका मिनी आहे की सी दिसतच नाही. हलकेच घ्या.


खारघरची_खार

बंड्या, तुमच्या तलावपाळीला आम्ही कधी 'मरीन ड्राइव्ह' म्हणून हसलोय का? हसलोय. ते जाऊ दे.

मीनल, अकरा फ्राइज वाचून हसून हसून पुरेवाट.


ठाण्याचा_बंड्या

मासुंदा तलावाचं नाव आदराने घ्या. तिथे बोटीत बसून भेळ खाताना पान उडून कुणाच्या ग्लासात पडत नाही.


कोपरखैरणे_कट्टा

५९५ मध्ये माझ्या हिशोबाने तीस वडापाव येतात, वर चटणी फुकट, मिरची फुकट. हाताने खायचा की सुरीने हा प्रश्नच नाही. विषय संपला, धागा बंद करा.


सीवूड्सची_मीनल

आला! मला वाटलंच होतं, पहिल्या पाच प्रतिसादांत वडापाव येणार. अहो, मी वडापावच खात मोठी झाले. पण एखादीने एकदा दुसरं काही खाल्लं की लगेच तीस वडापावांचा हिशोब कशाला? पैठणी घेतली की 'एवढ्यात किती टॉवेल आले असते' असं विचारता का?


कोपरखैरणे_कट्टा

विचारतो. बायको उत्तर देत नाही.


इतिहासवेडा

अवांतर, पण वडापाव विरुद्ध बर्गर हे भांडण मला कधीच पटलं नाही. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज, 'बटाटा' हाही पोर्तुगीजच. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ मध्ये वडा पावात घातला असं सांगतात, म्हणजे आपला 'पारंपरिक' पदार्थ अजून साठीच्या आसपासच आहे. बर्गर त्याच्या आजोबांच्या वयाचा. नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून. त्यात 'हॅम' म्हणजे डुक्कर नाही, तरी माझ्या आजीने शेवटपर्यंत त्याला हात लावला नाही.

अमेरिकेत पहिला बर्गर कुणी केला यावरून तिकडे दोन-चार गावांची भांडणं आहेत. न्यू हेवनचं 'लुईज लंच' म्हणतं, आम्ही १९०० साली. पण साखळी दुकानं काढून गल्लोगल्ली नेला तो विचिटाच्या 'व्हाइट कॅसल'ने, १९२१ मध्ये. तेव्हा किंमत ५ सेंट आणि आकार आपल्या लादीपावातल्या एका पावाएवढा. म्हणजे मुळात हा दोन घासांचा, एका हातात मावणारा प्रकार. उंची नंतरची.


एडिसनचा_आप्पा

इतिहासवेडा, त्या न्यू हेवनच्या दुकानात मी गेलोय. बन नाहीच, टोस्ट केलेल्या साध्या ब्रेडच्या दोन स्लाइस. चीज, कांदा, टोमॅटो घाला, पण केचप मागितलं तर देत नाहीत. माझ्याबरोबरच्या मित्राने मागितलं. काउंटरवरच्या माणसाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पुण्याबाहेर पहिल्यांदाच बघितली.


ठाण्याचा_बंड्या

आला पुण्याचा विषय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


शुद्ध_शाकाहारी_सानपाडा

मीनलताई, शाकाहारी कुणी होतं का बरोबर? आमची अवस्था कुणी विचारत नाही. पाच वर्षांपूर्वी आलू टिक्की, आज ४९५ रुपयांचं 'क्विनोआ अँड बीटरूट पॅटी'. चव त्याच टिक्कीची, फक्त रंग गुलाबी. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स वांद्र्याला आलं तेव्हा वडील मला लिंकिंग रोडला घेऊन गेले होते. तासभर रांगेत उभं राहून व्हेज बर्गर खाल्ला आणि वडील म्हणाले, "कटलेट आहे रे." तेव्हापासून मी प्रत्येक बर्गरमध्ये कटलेटच शोधतो आणि प्रत्येक वेळी सापडतं.


सीवूड्सची_मीनल

होती ना एक. तिचा बीटचाच होता, ४९५ चा. हातात घेतल्यावर सगळ्यात आधी तोच फुटला. टेबलावर लाल डाग, वेटर घाबरून विचारतोय, "मॅडम, लागलं का काही?"


करंजेकर

ताई, बर्गरचं मला कळत नाही, समुद्राचं कळतं. शनिवारी सव्वासहाला तिथे पाणी नसणारच. आदल्या दिवशी अमावास्या होती.

आमच्याकडे शाळेत जायच्या आधी हा हिशोब शिकवतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे भरती. तुम्ही गेलात प्रतिपदेला, म्हणजे भरती पाऊण वाजता. तिथून सव्वासहा तास मोजा, सातला पूर्ण ओहोटी. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं, ओहोटीला तेवढंच मागे जातं. तुम्ही नेमकी महिन्यातली सगळ्यात लांबची ओहोटी बघितलीत. त्या वेळी आमच्या बायका खडकावर कालवं काढायला जातात. तुम्ही बर्गर खायला गेलात.

हॉटेलवाल्याने सांगायला हवं होतं. पण तो बहुतेक बाहेरचा असेल, त्यालाही समुद्र कधी येतो ते माहीत नसणार.


खारघरची_खार

वा करंजेकर! वाचनखूण साठवली. म्हणजे 'सी व्ह्यू टेबल' बुक करताना आधी कालनिर्णय बघायचं.


अर्धवट_शेफ

थोडं लिहितो. मी अकरा वर्षं हॉटेल लाइनमध्ये होतो, त्यातली चार ग्रिलवर. आता बेलापूरला ऑफिसात खुर्ची गरम करतो, पण हात अजून शिवशिवतात.

मीनल, तुझ्या बर्गरमध्ये तीन चुका होत्या आणि त्यातली एकच तुझी.

पहिली उंचीची. बर्गरची उंची फोटोसाठी असते. उघडलेल्या तोंडात जेवढं जातं त्याच्यापेक्षा उंच बर्गर बांधणारा स्वतः तो खात नाही, एवढं नक्की समज. पॅटी जाड केली की आतपर्यंत शिजवायला वेळ लागतो, तोवर बाहेरून कोरडी होते. चिकनची असली की अजूनच, कारण चिकन आत कच्चं ठेवता येत नाही. म्हणून हल्ली 'स्मॅश बर्गर' निघालेत. खिम्याचा गोळा कडक तापलेल्या तव्यावर ठेवायचा आणि उलथन्याने दाबून पातळ करायचा. कडा जाळीदार, खरपूस. ब्रेडची सालपटी, कांद्याचा तांबूस रंग, भाकरीवरचे काळे ठिपके, सगळं त्याच जातीचं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये त्याच्यावर लिहिलं म्हणून त्याला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात. आपल्या आयांना ते नाव माहीत नव्हतं, पण 'नीट परत, कच्चट ठेवू नकोस' म्हणजे तेच.

दुसरी गोष्ट मीठ. पॅटी तुटली नाही, अख्खीच्या अख्खी सटकली म्हणतेस ना? म्हणजे खिम्यात आधीच मीठ घालून मळलेला होता. मीठ घालून मळला की खिमा चिकट होतो, सॉसेजसारखा घट्ट आणि गुळगुळीत. कबाबाला ते हवंच, सळईवर टिकायला. बर्गरला नको. बर्गरचा खिमा जेमतेम एकत्र धरायचा आणि मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी वरून भुरभुरायचं. मग तो रबरी न होता भुसभुशीत राहतो आणि पावाला धरून बसतो.

आता समुद्र. खाऱ्या दमट वाऱ्यात फ्राइज पाच मिनिटांत मरतात. तळलेल्या गोष्टीचा कुरकुरीतपणा म्हणजे कोरडी साल, आणि ती हवेतला ओलावा ओढून घेते. पापडाचा डबा जून महिन्यात उघडा ठेवून बघ. बर्गरचं उलट, तो वाऱ्याने गार पडतो. चीज आणि चरबी थिजली की तोंडात मेणासारखं लागतं. किनाऱ्यावरचा बर्गर म्हणजे वाऱ्याबरोबर शर्यत आहे. तुम्ही पाच जणींनी किती वेळ फोटो काढले?


सीवूड्सची_मीनल

...सात-आठ मिनिटं. काडीसकट, काडीशिवाय, बूमरँग.


अर्धवट_शेफ

ही तुझी चूक.


ठाण्याचा_बंड्या

शेफ, एकदम सुरीच लावलीत.

पण एक सांगा, ५९५ का? पाव, चिकन, कांदा, काकडी. घरी १५० मध्ये होतो.


अर्धवट_शेफ

बंड्या, धंद्यात साधारण असं धरतात की ताटातला कच्चा माल हा किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी. बाकी भाडं, पगार, गॅस, वाया गेलेलं, आणि स्विगी-झोमॅटोवर असेल तर त्यांचं कमिशन. समुद्रासमोरच्या हॉटेलात आणखी एक गोष्ट असते: शनिवार-रविवारी गर्दी, सोमवार ते गुरुवार माशा मारायच्या. पण आचारी सातही दिवस पगार घेतो. शनिवारच्या गिऱ्हाइकाने मंगळवारचं भाडं भरायचं असतं.

ब्रिओश महाग असतोच. अंडी आणि लोणी घालून केलेला पाव आहे तो, साध्या पावाचं गणित नाही. तो आत लोण्यावर भाजून घेतला तर रस पावात मुरत नाही. न भाजता दिला तर खालचा पाव पाच मिनिटांत दुधात बुडवल्यासारखा. मीनल, खालचा पाव ओला होता का?


सीवूड्सची_मीनल

ओला? अहो, तो चमच्याने खाल्ला.


सीए_काका_वाशी

मी बर्गर खात नाही. बिल मात्र वाचतो. मीनल, 'थोडी तक्रार' म्हणालात ती बिलाची असेल तर इथे आकडे टाका.


सीवूड्सची_मीनल

काका, तीच. घ्या:

चार चिकन बर्गर २३८०, एक व्हेज ४९५, तीन मॉकटेल ८५५, दोन पाण्याच्या बाटल्या १८०. बेरीज ३९१०. त्यावर सर्व्हिस चार्ज १० टक्के, ३९१. त्यावर जीएसटी ५ टक्के. एकूण ४५१६. डोक्यावर ९०३ रुपये.


सीए_काका_वाशी

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली, की हॉटेलने तो आपोआप बिलात लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती तत्त्वं कायम ठेवली. तुम्ही 'काढा' म्हणाला असतात तर ३९१ आणि त्यावरचा जीएसटी साडेएकोणीस, म्हणजे ४१० रुपये वाचले असते. काढायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जीएसटी ५ टक्के बरोबर आहे, तो द्यायचाच. तो सरकारचा. सर्व्हिस चार्ज हॉटेलचा. लोक दोन्हींना 'टॅक्स' म्हणतात आणि मुकाट भरतात. हॉटेलांचं त्यावरच भागतं.


खारघरची_खार

काका, पण वेटरसमोर 'काढा' म्हणताना जीभ उचलत नाही. त्या मुलाचा काय दोष?


सीए_काका_वाशी

त्या मुलाच्या हातात शंभराची नोट द्या. ती त्याच्या खिशात जाते. बिलातले ३९१ कुठे जातात ते तुम्हीही सांगू शकत नाही, तोही.


कोपरखैरणे_कट्टा

४१० रुपये = वीस वडापाव.


सीवूड्सची_मीनल

@कट्टा, तुम्हाला अ‍ॅडमिनकडून बॅन करवते बघा.


आजी_ऐरोली

मुलांनो, मी ७१ वर्षांची आहे आणि मला कवळी आहे, तरी मी असा बर्गर खाल्लेला आहे. नातवाने नेलं होतं, खाडीवर फ्लेमिंगो बघून परत येताना. मी त्याला म्हटलं, अरे एवढा मोठा घास घेतला तर कवळी आतच राहील. त्याने सांगितलं, "आजी, तू मजले पाड." म्हणून मी वरून एकेक मजला काढत गेले. आधी पाव खाल्ला, त्याला थोडं चीज लावून. मग काकडी. मग कांदा, तो फार गोड होता, मला आवडला. पॅटीचे चमच्याने तुकडे केले. सगळं संपल्यावर खालचा पाव पुसून खाल्ला, जसा आपण ताटातला रस्सा पुसतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी हसत होती. पण तिचा ड्रेस खराब झाला, माझी साडी नाही.

चव छान होती. पैसे नातवाने दिले, किती ते मी विचारलं नाही.


खारघरची_खार

आजी __/\__


ठाण्याचा_बंड्या

आजींनी धागा जिंकला.


इतिहासवेडा

आजींना अनुमोदन. पण वेगवेगळं खाल्लं तर बर्गर कसला? एका घासात आंबट-गोड-तिखट-खारट सगळं यावं म्हणून तर थर रचतात. भेळ अशी खाता का, आधी कुरमुरे, मग चिंचेची चटणी?


आजी_ऐरोली

इतिहासवेडा, तुम्हाला कवळी लागेपर्यंत थांबा, मग बोलू.


करंजेकर

मेन्यूत फिश बर्गर होता का ताई? किनाऱ्यावर आहे म्हटल्यावर असणारच.


सीवूड्सची_मीनल

होता. 'कॅच ऑफ द डे', ६५०. वेटरला विचारलं कुठला मासा, तर म्हणाला, "मॅडम, फिश."


करंजेकर

:) पांढरा, वास नाही, काटा नाही, दाबला की पाणी सुटतं, असा असेल तर तो बासा. तळ्यात वाढवतात, व्हिएतनामहून गोठवून येतो, आता आपल्याकडेही पाळतात. वाईट नाही, पण त्याला 'आजची पकड' म्हणायचं म्हणजे धाडसच. आणि जून-जुलैत कुणी तुम्हाला 'आजची' सुरमई म्हणून देत असेल तर हसून उठा. त्या दोन महिन्यांत मासेमारीला बंदी असते, यांत्रिक होड्या धक्क्याला बांधलेल्या.

एकदा पोरं हट्टाने घरी फिश बर्गर करा म्हणाली. मी सुरमईची तुकडी रव्यात घोळवून तळली, पावात घातली, वर आमच्या हिरव्या वाटणाचा हात. पोरांनी खाल्ला. आईने बघितलं आणि म्हणाली, "पावान म्हावरा? भाकर संपली का घरान?" तिने तिची तुकडी काढून तांदळाच्या भाकरीत घेतली. मी पण मग तेच केलं. तेव्हा पोरांनी माझी भाकरी ओढली. शेवटी पाव उरले.


अर्धवट_शेफ

करंजेकर, हे तुम्ही हॉटेल काढून विका. गंमत नाही करत. गरम भाकरी मऊ असते, दुमडते, रस धरून ठेवते आणि मासा सटकत नाही. बर्गरचं सगळं दुखणं त्या फुगीर गोल पावात आहे.


कोपरखैरणे_कट्टा

नाव ठेवा 'भाकर्गर'.


शुद्ध_शाकाहारी_सानपाडा

त्यात व्हेज ठेवा म्हणजे झालं. पिठलं घाला, पण गुलाबी करू नका.


एडिसनचा_आप्पा

मंडळी, मूळ प्रश्न राहिला. ती बिचारी विचारतेय खायचा कसा.


अर्धवट_शेफ

हो, खरंच राहिला. सांगतो. हे ग्रिलवरचा प्रत्येक जण करतो आणि गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

काडी काढायच्या आधी वरून तळव्याने हलकेच दाब, एकदाच. मग काडी काढ. मग बर्गर उलटा कर. खालचा पाव पातळ असतो आणि रसाने भिजलेला असतो, वरचा जाड आणि कोरडा. उलटा धरला की जाड पाव खाली येतो आणि सगळं झेलतो. अंगठा आणि करंगळी खाली, बाकी तीन बोटं वर. एकदा उचललास की खाली ठेवायचा नाही. ठेवलास की उघडतो. म्हणजे पाणी आधी प्यायचं, फोनला नंतर हात लावायचा.

आणि वाऱ्याकडे पाठ करून बसायचं.


सीवूड्सची_मीनल

उलटा?! दहा वर्षं खातेय, कुणी सांगितलं नाही.

ठरलं. पुढच्या रविवारी पुन्हा. करंजेकर, तिथी?


करंजेकर

नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. सहाला जाऊन बसा. पण भांगाची, म्हणजे उधाण नसलेली भरती आहे, फार वर नाही चढणार. नेरूळहून लोकलने या, गाडी आणू नका, संध्याकाळी कंटेनरच्या रांगेत अडकाल. १२ जानेवारी २०२४ ला लोकल थेट उरणपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे फार वाढलेत. फक्त परतीच्या गाड्यांची वेळ आधी बघून ठेवा, लांब लांबच्या अंतराने असतात.


सीवूड्सची_मीनल (पुढचा सोमवार, रात्री ९:४०)

रिपोर्ट.

यावेळी तिघीच गेलो. बँकवाली म्हणाली, 'नऊशे रुपये चिखल बघायला मी पुन्हा देणार नाही,' आणि डाएटवालीचं डाएट. सहाला पोचलो. पाणी जवळ आलं होतं, खडक बुडत चालले होते. एका चपट्या खडकावर बगळा बसलेला, पाणी त्याच्या पायाशी आलं तसा तो एकेक पाऊल मागे सरकत होता, उडत नव्हता. साडेसहाला त्याने हार मानली.

बर्गर दोनच मागवले तिघींत, वेटरला सांगून की बन आत लोण्यावर भाजून द्या. तो आत गेला. आचारी स्वतः बाहेर येऊन बघून गेला, कोण सांगतंय म्हणून. मी आपली समुद्राकडे बघत बसले.

आला, फोटो एक. एकच. तळव्याने दाबला, काडी काढली, उलटा केला, अंगठा-करंगळी खाली. आणि मंडळी, खाल्ला. अख्खा. मांडीवर काही नाही. चीज अजून ओघळत होतं तोवर अर्धा संपला होता. पॅटी घट्टच होती, शेफ म्हणतात तशी, पण तो गोड कांदा आणि आंबट काकडी एका घासात आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते चार ओळींचं वर्णन कशाचं होतं. मागच्या वेळी मी बहुधा तो खाल्लाच नव्हता, नुसती त्याच्याशी मारामारी केली होती.

ठाण्यावाली मात्र गप्पा मारता मारता मध्येच खाली ठेवून बसली. उघडला. आता ती म्हणते, बर्गर हा माणूसघाण्या लोकांचा पदार्थ आहे, तोंड भरलेलं आणि हात अडकलेले, मैत्रिणींशी बोलायचं कधी? मला पटलं थोडं.

सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला, काका. आवाज थरथरत होता, पण सांगितला. मॅनेजर म्हणाला, "शुअर मॅम," इतक्या सहज, की आधीच्या ४१० रुपयांचं जास्तच वाईट वाटलं. वेटरला शंभर दिले.

फ्राइज यावेळी तेरा होत्या.


सीए_काका_वाशी

शाब्बास.


ठाण्याचा_बंड्या

तेरा! महागाई कमी होतेय.


कोपरखैरणे_कट्टा

मीनलताई, एक प्रामाणिक प्रश्न. परत येताना उरण स्टेशनबाहेर काही खाल्लंत का?


सीवूड्सची_मीनल

...दोन बर्गर तिघींत होते हो. गाडीला पंचवीस मिनिटं होती.


कोपरखैरणे_कट्टा

किती?


सीवूड्सची_मीनल

तीन. चटणी फुकट होती. आता गप्प बसा.


करंजेकर

भरती किती वाजता आली ते नाही सांगितलंत ताई.


सीवूड्सची_मीनल

सहा पन्नास. तुमच्यापेक्षा पाच मिनिटं उशिरा.


करंजेकर

तुमचं घड्याळ पुढे असेल.